हरळी आणि मावशी
उपटलेल्या हरळीचा ओला वास आला की पन्नास-पंचावन्न सालचं पिंपरीचं क्वार्टर आठवतं. हे दिवसभर कारखान्यात, शेजार नाही. ह्यांनी हौसेनं अंगणात हरळीची हिरवळ केली होती, तिच्यात लव्हाळा माजला, म्हणून गावातल्या एका शेतकरी मावशींना बोलावलं. "तण काढा," एवढंच सांगून मी आत गेले. दुपारी बघते तर लव्हाळ्यासोबत सगळी हरळीही मुळासकट उपटलेली. "हरळी ठिवली तर रान खाती, बाई," मावशी समाधानानं म्हणाल्या. हीच तर लावली होती, हे ओठांवर आलं. पण ऐकून त्या ओशाळल्या असत्या, परत आल्या नसत्या. "उद्याही या," मी म्हटलं. "आता काय ऱ्हायलंय?" उघड्या मातीकडे बघत त्यांनी विचारलं. आता इतक्या वर्षांनी, घरात पुन्हा एकटी असताना, माळी काम आटपून निघाला की मीच वाकून एखादी काडी शोधते आणि म्हणते, "ही राहिली बघ."