सावदादाचा पत्र्याचा डबा

त्या सकाळी सावदादानं धाकट्या बहिणीला, उतला, नारळ आणायला पिटाळलं.

"कोवळा बघून आण. कालच्यात नुसतं खोबरं होतं, तुझ्या डोक्यासारखं."

"माझं डोकं टणक आहे म्हणून तर हे घर उभं आहे," उत म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

सा देक शहराच्या खालच्या अंगाला, कालव्याकाठी, माणसाला जन्माच्या क्रमानं हाक मारतात. साव म्हणजे सहावा. उत म्हणजे शेंडेफळ. खरी नावं सरकारी कार्डावर तेवढी.

ती दारात पोचली तशी त्यानं परत हाक मारली. दम लागत होता त्याला, छातीचं दुखणं महिनाभर होतंच.

"उत, लुआच्या तिथीची काळजी करू नकोस. फोटो सगळे दोन-दोन ठेवलेत."

"दाखवायला तू बस म्हणजे झालं."

ती नारळ सोलून, नळी खोचून आली. सावदादा गेला होता. एक हात उशाशी असलेल्या डब्यावर होता.

डबा म्हणजे लोण्याच्या बिस्किटांचा, निळा, पत्र्याचा, गोल. कडेनं चिकटपट्टीचे वेढेच वेढे.

सावदादा न्हावी. घरासमोरच्या आंब्याखाली एक खुर्ची, एक आरसा. लग्न केलं नाही. केस कापता कापता गिऱ्हाईक सांगायचं, दादा, फोन भरलाय, फोटोच निघत नाही. तर हा त्यातलं सगळं आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा. माणसं निर्धास्त होऊन फोनमधलं पुसून टाकायची. अख्ख्या कालव्याची लग्नं, बारशी, म्हातारे-कोतारे असे त्याच्याकडे जमा झाले. फोटो तो तारखेनं लावत नसे, श्राद्धाच्या तिथीनं लावायचा. ज्या घरी तिथी, त्या घरी हा वायर घेऊन हजर. जेवणं झाली की टीव्हीवर गेलेलं माणूस हसताना, भांडताना, कोंबडी पकडताना दिसायचं.

उतची लेक लुआ कालव्यात बुडून गेली तेव्हा शाळेतही जात नव्हती. उतचा तेव्हाचा फोन केव्हाच मेला. लुआ उरली ती सावदादाकडे. फोटो तर होतेच, पण एक हलतं चित्र होतं. त्यात ती मामाच्या खुर्चीत बसून ओरडते, "मामा, टक्कल नको! आई, बघ ना गं हा!" वर्षातून एकदा, तिच्या तिथीला, उत तो आवाज ऐकायची. मधे कधी मागायची नाही. म्हणायची, रोज ऐकला तर झिजेल.

तर मयताची तयारी चालली. आमच्यात माणसाच्या आवडीचं त्याच्यासोबत पुरायच्या पेटीत ठेवतात, नाहीतर ते मागायला परत येतं. कात्री ठेवली, कंगवा ठेवला. थोरल्या काकांनी डबा उचलून हलवला. आत काहीतरी जड, कापडात गुंडाळलेलं.

"हे गं काय?"

"त्याचा डबा. कुणाला हात लावू देत नव्हता," उत म्हणाली. "स्वतःच बांधून ठेवलाय. न्यायलाच ठेवला असणार. द्या त्याला." आणि स्वतःच्या हातानं तिनं तो त्याच्या कुशीत ठेवला.

घरामागच्या आंबराईत पुरलं. वर विटा, सिमेंट. चुलीपासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर.

मग देव्हाऱ्यावर लावायला त्याचा फोटो हवा झाला. जगाचे फोटो जपले, स्वतःचा एक सापडेना. फोन दुरुस्त करणाऱ्या क्वीला बोलावलं.

"त्याचा लॅपटॉप उघड रे."

"कसला लॅपटॉप, मावशी? मोडीत काढला तो. सगळं दोन हार्ड डिस्कवर घालून दिलं की मी."

"मग कुठं आहेत त्या?"

"मी म्हटलेलं, एक घरी ठेवा, एक माझ्या दुकानात. तर म्हणाले, तुझं दुकान दर पुरात बुडतं, माझा डबा तरंगतो. दोन्ही त्यातच ठेवल्या. पाणी शिरू नये म्हणून पट्टी मीच..."

उतचा चेहरा बघून क्वी उठून उभाच राहिला.

ती थेट थोरल्या काकांकडे गेली. "काका, उघडा."

"पोरी, झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण ओढतात का?"

"त्याला नकोय ते. माझं आहे."

"होतं. आता त्याचं आहे. तूच दिलंस."

कालव्यावरचा एकही माणूस कुदळीला हात लावेना. गेलेल्याला उठवलं तर घरादाराचं वाटोळं होतं, हे लहान पोरालाही ठाऊक. एक दिवस उत स्वतः कुदळ घेऊन तिथवर गेली. विटांवर बसून राहिली आणि तशीच परत आली. त्यानंतर तिनं कुणाला काही मागितलं नाही. पुराचं पाणी चढलं, आंबराईत घोट्याएवढं झालं. चुलीपाशी बसून ती तिकडं बघायची. विटांखाली कसला डबा तरंगतोय?

लुआची तिथी आली. उतनं खोबऱ्याच्या दुधातला भात केला, लुआला आवडायचा म्हणून. शेजारी जमले. देव्हाऱ्यावर सावदादा, कार्डावरचा फोटो मोठा केलेला, डोळे वटारलेला. जेवणं झाली. सवयीनं सगळ्यांनी खुर्च्या टीव्हीकडे फिरवल्या आणि बसले. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं.

पलीकडच्या म्हाताऱ्या आजीला कमी दिसतं, विसरतेही. ती म्हणाली, "लावा की गं. पोरगी ओरडू दे की एकदा."

उत उठली. उदबत्ती विझली होती, ती पेटवली. मग आजीची खुर्ची, आजीसकट, हळूच टेबलाकडे फिरवली आणि तिच्यापुढं भाताची आणखी एक वाटी ठेवली.

"खा, आजी," ती म्हणाली. "गार होतोय."