मित्रासाठी एक किट

आमच्या वाळूजच्या कारखान्यातला स्टोअरकीपर साधा बोल्ट देतानाही समोरच्याच्या तोंडाकडं बघत नाही. "व्हय, न्या," एवढंच म्हणतो. एचआयव्हीची तपासणी आपली आपण करायची किट आली, तेव्हा ती द्यायला आणि सोबत बसायला कामगारांनी त्यालाच निवडलं. 'घाबरू नका, तपासा' हे पोस्टर मात्र मी लिहिलं. मी ऑफिसातला साहेब.

महिनाभर मी त्याच्या खिडकीसमोरून नुसत्या चकरा मारल्या. शेवटी आत शिरलो.

"एका मित्रासाठी किट हवं होतं. तो जरा लाजतो."

"व्हय. मित्राला म्हणावं, हात धुवून बसा."

मी हात धुवून बसलो. सुई टोचली तेव्हा मित्राच्या वतीनं मीच ओरडलो. रक्ताचा थेंब पट्टीवर पडल्यावर त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं आणि पाठ फिरवून तो बोल्टचे वायसर निवडत बसला.

"वीस मिनिटं लागतील. मी हाय इथंच."

तेवढ्या वेळात मी ओळखीच्या सगळ्या देवांना नवस बोलून घेतले. पट्टीवर एकच रेघ उमटली, म्हणजे काही नव्हतं.

"सुटला! मित्र सुटला!" मी जवळजवळ नाचलोच.

"लई बरं झालं," तो पाठमोराच म्हणाला. "आपल्या कंपनीत दोस्ती लई हाय, साहेब. जो येतो तो मित्रासाठीच येतो. स्वतःसाठी अजून कुणीच आलं नाय. पोस्टरवालाबी नाय."