एडमुंडचं चिलखत, रेगिनाच्या मापाचं

लुत्स्यान ग्रोखची उमेदीची वर्षं बसगाड्यांचे पोचे काढण्यात गेली. गावाबाहेरच्या सरकारी डेपोत एखादी गाडी ठोकली गेली की तिचा पत्रा त्याच्यापुढे यायचा, आणि लुत्स्यान आतून लाकडी हातोड्यानं टकटक करत तो असा सारखा करायचा, की खुद्द ड्रायव्हरलाही गाडी कुठे लागली होती ते सांगता येऊ नये. डेपो बंद पडला तेव्हा त्याच्याकडे हातोडे उरले आणि अख्खा रिकामा दिवस उरला. त्याच सुमारास शेजारचा एडमुंड कुंपणाशी येऊन उभा राहिला. एडमुंड शाळेत भूगोल शिकवायचा. धिप्पाड माणूस, दारातून वाकून आत येणारा. त्याच्या हातात चेपलेलं शिरस्त्राण होतं.

"बसचे पोचे काढतोस ना? आता माझ्या डोक्याचे काढ."

एडमुंड दर जुलैत ग्रुनवाल्डच्या माळावर लढायला जायचा. सहाशे वर्षांपूर्वीची लढाई तिथे पुन्हा खेळतात. माणसं चिलखतं चढवतात, बोथट तलवारींनी एकमेकांना बदडून काढतात, पोलंडचा राजा जिंकतो आणि पांढऱ्या झग्यावर काळा क्रूस लावलेले सरदार हरतात. एडमुंड पहिल्यापासून क्रूसवाल्यांकडून. "कुणीतरी हरायला हवंच की," म्हणायचा, आणि दर उन्हाळ्यात माळावर मरून, पाठ भाजून घरी यायचा.

त्या एका शिरस्त्राणावरून लुत्स्यानला धंदा मिळाला. गुडघ्याच्या वाट्या, हातमोजे, तलवारी, सगळं तो करू लागला. पण जीव ओतून केलं ते एडमुंडचं छातीपट. एकाच पत्र्यातून ठोकून काढलेलं, कुठे जोड नाही, मध्यभागी फुगलेलं, कमरेशी आत वळलेलं. गिऱ्हाईक आलं की लुत्स्यान शेजारी हाक मारायचा, "एडमुंड, जरा घालून ये रे!" आणि एडमुंड बिचारा शाळेच्या वह्या तपासायच्या सोडून लोखंड चढवून यायचा. स्वतः लुत्स्याननं मात्र कधी चिलखत अंगाला लावलं नाही. माळावर गेला तरी प्रेक्षकांच्या दोरीच्या अलीकडे उभा राहायचा आणि लढाईऐवजी चिलखतांचे जोड बघायचा.

एका फेब्रुवारीत फाटकातला बर्फ उपसताना एडमुंडच्या छातीत कळ आली. तो तिथेच खाली बसला तो उठलाच नाही. लुत्स्याननं शवपेटीला खांदा दिला, नंतर सगळ्यांबरोबर बसून हेरिंग मासा आणि बटाटे खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागला.

मे महिन्यात लायलॅक फुलला तेव्हा एडमुंडची बायको रेगिना ढकलगाडी घेऊन त्याच्या अंगणात आली. गाडीत रजईत गुंडाळलेलं चिलखत होतं. रेगिना टपाल खात्यातून निवृत्त झालेली, अंगानं काडी, बोलायला फटकळ. लुत्स्यानला ती लुत्सेकच म्हणायची.

"लुत्सेक, हे माझ्या मापाचं करून दे."

लुत्स्यानला वाटलं आपल्या उजव्या कानाचा दोष. हातोड्याच्या आवाजानं तो निकामीच झाला होता. त्यानं डावा पुढे केला.

"बरोबर ऐकलंस. मला लढायचंय."

"या वयात?"

"तुझ्या वयात तू ऐरणीवर घण मारतोस ते चालतं?"

"मी मार देतो रेगिना, खात नाही. आणि लढायचंच असेल तर नवं करून देतो. हलकं, तुझ्या अंगासारखं. हे कापायचं नाही."

"नवं तू कुणालाही करशील."

"हे कापलं तर याचं काय राहील?"

"आता काय राहिलंय? खोलीत नुसतं उभं असतं. दर रविवारी मी त्याला तेल लावते. नवरा होता तेव्हा त्याचीसुद्धा इतकी चाकरी केली नाही मी."

लुत्स्यान नाहीच म्हणाला. रेगिनानं वाद घातला नाही; चिलखत त्याच्या कामाच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलं आणि गेली. पुढच्या शनिवारी मात्र परत आली, खिडकीपाशी स्टूल ओढून बसली आणि चिलखताखाली घालायचा जाड गादीसारखा अंगरखा शिवू लागली. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. येताना आलुबुखारांचा केक आणायची, त्यामुळे तिला जा म्हणणं लुत्स्यानला अवघड जायचं.

क्रूसवाल्यांच्या टोळीचा म्होरक्या ग्रात्स्यान, जो एरवी गावात लोकांचे दात उपटायचा, एकदा तलवारीची मूठ बसवून घ्यायला आला. रेगिनाला बघून तो खूश झाला.

"म्हणजे एडमुंडची जागा तुम्ही भरणार तर!"

"मी राजाकडून लढणार."

"राजाकडून? बाई, तुमचा नवरा आयुष्यभर आमच्याकडून..."

"मेला, दर वर्षी. मी दोरीअलीकडून ते बघितलं. आता मला जिंकून बघायचंय."

दंतवैद्य मूठ न बसवताच तलवार घेऊन गेला. लुत्स्यानला हसू आलं. एडमुंड गेल्यापासून या खोलीत कुणी हसलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो थोडा अस्वस्थ झाला.

अंगरखा तयार झाला तेव्हा रेगिना म्हणाली, "निदान घालून तर बघू दे." लुत्स्याननं पट्टे बांधले. छातीपट तिच्या मांड्यांपर्यंत पोचलं. ती स्टुलावर बसली तशी गळ्याची कड वर सरकून हनुवटीवर आदळली. आत तिच्यासारखी आणखी एक मावली असती.

"एडमुंड म्हणायचा, यात शिरलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही," लोखंडातून तिचा आवाज आला. "घरात मला फार ऐकू येतं, लुत्सेक. घड्याळ, फ्रिज, सगळं."

लुत्स्याननं पट्टे सोडले. मग त्यानं छातीपट उतरवलं, खडूनं कमरेवर एक रेघ मारली, पुसली, थोडी वर पुन्हा मारली.

"पलीकडून धर," तो म्हणाला. "हलू देऊ नकोस."

ग्राइंडर लागला तशी ठिणग्यांची पिचकारी उडाली. पत्र्याची थरथर रेगिनाच्या कोपरापर्यंत चढली, पण तिनं हात सोडला नाही. कापलेला पट्टा फरशीवर पडला. लुत्स्याननं तो लगेच उचलला आणि त्यातूनच तिच्या हातमोज्यांच्या बोटांवरच्या पट्ट्या कापायला घेतल्या.

छातीपट दोन तुकड्यांचं झालं. खालचा वरच्यावर चढवून त्यानं रिव्हेट मारले, बगला आत घेतल्या, कडा पुन्हा वळवल्या. जोड स्पष्ट दिसत होता. त्यानं तो घासून लपवायचा प्रयत्न केला नाही.

जुलैत माळावर ऊन मी म्हणत होतं. रेगिना राजाच्या फौजेत तिसऱ्या रांगेत उभी होती. शेजारच्या सैनिकाच्या खांद्याशी तिचं शिरस्त्राण लागत होतं. शिंग वाजलं, ढालींच्या दोन्ही भिंती एकमेकींवर आदळल्या, आणि पहिल्याच रेट्यात कुठल्याशा पांढऱ्या झग्यानं तिला आडवं केलं. मेलेल्यानं लढाई संपेपर्यंत उठायचं नसतं. दोरीच्या अलीकडे लुत्स्यान टाचा उंचावून बघत होता. माणसं तिच्यावरून गेली, घोडे लांबून गेले, धूळ बसली. ती हलेना. या खेपेला त्यानं एकही जोड बघितला नाही. दोरीखालून आत शिरावं असं त्याला वाटू लागलं, इतक्यात रेगिनानं शिरस्त्राणाची झडप वर केली, मोज्यासकट हातानं नाक खाजवलं आणि झडप पुन्हा पाडली.

संध्याकाळी तंबूंपाशी ती गवतावर बसून आंबट सूप पीत होती. तोंड लालबुंद, केस चिकटलेले.

"जिंकलीस का?" लुत्स्याननं विचारलं.

"फौज जिंकली म्हणे. मला काही दिसलं नाही."

"आणि ऐकू?"

"माझाच श्वास. तासभर." तिनं पाव सुपात बुडवला. "डावा खांदा काचतो तुझा. हात वर जात नाही."

"आण उद्या. बघतो."

त्यानंतर लोक जुनी चिलखतं घेऊन त्याच्या अंगणात येऊ लागले. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाला भावाचं चिलखत मिळालेलं, कुणी विकत घेतलेलं आणि न बसणारं. पूर्वी असल्यांना लुत्स्यान फाटकातूनच वाटेला लावायचा. आता तो आधी आत बोलवायचा, पट्टे बांधायचा आणि गळ्याची कड हनुवटीला लागते का ते बघायला म्हणायचा, "बस बघू खाली."