देव्हाऱ्यामागचा तडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवालाही नाही — त्याला सांगायची गरजच नव्हती, तो तिथेच होता. आता तुम्हाला सांगतेय म्हणून लगेच माझ्यासाठी रुमाल शोधू नका. मी रडणार नाहीये.

कॅनडात, मिसिसागातलं आमचं घर टाउनहाउसच्या रांगेतलं. शेजारच्या फ्रँकची आणि आमची भिंत एकच. त्याच्या बायकोला, मारियाला, जिना चढवेना, म्हणून २०१६च्या उन्हाळ्यात त्याने मागच्या अंगाला, खालीच, एक खोली आणि वॉशरूम वाढवायला घेतलं. चांगली गोष्ट, नाही का? पण ती खोली झाली की माझ्या स्वयंपाकघरातलं ऊन जाणार होतं. हिवाळ्यात आमच्या घरात तेवढंच ऊन येतं. तिथे बसून मी एकटी चहा पिते — अख्ख्या दिवसात माझा म्हणावा असा तेवढाच वेळ. हसा हवं तर.

खोदण्याआधी सामाईक भिंतीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवतात. पुढे तडा दिसला तर नवा की जुना, हे कळावं म्हणून. त्यासाठी एक पंजाबी इंजिनिअर आला. माझा देव्हारा नेमका त्याच भिंतीवर. "आंटीजी, मंदिर थोड़ा हटा दें?" मी म्हटलं, "हमारा मंदिर हिलाते नहीं." साफ खोटं. दर दिवाळीला मीच तो उतरवून पुसते. बिचाऱ्याने हात जोडले आणि तेवढी जागा सोडून बाकी भिंतीचे फोटो काढले.

देव्हाऱ्यामागे तडा होता. देव्हारा टांगताना मीच ड्रिल मारलं होतं, तेव्हाचा.

इथे तरी थांबायचं ना? नाही थांबले. खोदकाम सुरू झालं, तसा मी देव्हारा उतरवला. उदबत्तीच्या धुराने तडा काळा पडला होता — नवा दिसावा म्हणून ओल्या फडक्याने तो आतपर्यंत पुसला. मग फ्रँकला हाक मारली.

तो बघतच राहिला. "सॉरी," म्हणाला, "सो सॉरी." माझ्यावर संशय घेणं त्याच्या डोक्यातही आलं नाही. आमच्या भिंतीला धोका नको म्हणून त्याने काम थांबवलं, खड्डा बुजवला. एका रविवारी येऊन तो तडाही स्वतःच्या हाताने भरून गेला. मी त्याला चहा दिला. त्याच उन्हात बसवून.

खालची खोली झालीच नाही, म्हणून मारियाला त्या हिवाळ्यात नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, ठेवावं लागलं. ती परत आली नाही.

घर पडेल अशी भीती वाटली, असं सांगू? नाही वाटली. मला ऊन हवं होतं, मी घेतलं. लाज वाटते — खूप वाटते. पण लाज वाटते म्हणून मी चांगली ठरत नाही. तुम्हीही ठरवू नका.

परवा बर्फ पडला. फ्रँकने नेहमीसारखा स्वतःच्या ड्राइव्हवेबरोबर माझाही शोव्हल केला. मी आत उन्हात चहा पीत होते. फावड्याचा आवाज ऐकू येत होता. मी त्याला थांबवलं नाही.