बिनभुताचे रविवार

त्या मंगळवारी ताई गेली. मी चहा गाळत होते. ती खुर्चीत बसली होती, पेपर तिच्या हातात होता. पेपर खाली पडला. समोरच्या घरातले डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. दुपारी तिला नेलं. संध्याकाळी मी घरी आले.

यापुढचं मी सावकाश लिहिते आहे, कारण यापुढचं बरंचसं हसण्याचं आहे आणि ते लिहिताना हात अडखळतो.

ताई माझी थोरली बहीण. आम्ही दोघींनीही लग्न केलं नाही. कोपरला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आम्ही दोघी राहायचो. ती टेलिफोन खात्यात होती, मी कॉलेजच्या ग्रंथालयात. नातेवाइकांना वाटायचं, या दोघी रिकाम्या वेळात पोथ्या वाचत असतील. आम्ही भुताच्या गोष्टी वाचायचो. भयकथा, भयपट, अलीकडे मोबाइलवर येणाऱ्या मालिका, जे मिळेल ते. कोकणातल्या आमच्या गावी प्रत्येक वळणाला एक भूत होतं आणि त्याची हकिकत सांगणारं माणूस होतं. आम्ही मुंबईकडे आलो तेव्हा माणसं मागे राहिली, आवड बरोबर आली.

निवृत्तीनंतर ताईने रविवारची बैठक सुरू केली. आम्ही दोघी धरून पाच माणसांपुढे ती कधी गेली नाही. ठाण्याहून एक सर यायचे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. भूत नसतं हे ते प्रत्येक बैठकीत एकदा सांगायचे आणि मग नव्या सिनेमातलं भूत कसं चुकलं यावर तासभर बोलायचे. ठाण्यातल्याच खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक असलेले एक भाऊ यायचे. ते म्हणायचे, "आमच्यात भूत मानत नाहीत. पण सिनेमातलं मानायला विहारात कोणी बंदी घातलेली नाही." आणि कल्याणहून एक मुलगी यायची. ती जाहिरातींना आणि मालिकांना आवाज जोडण्याचं काम करते. आम्हाला जे दिसायचं ते तिला ऐकू यायचं. कोणी ना कोणी नेहमी उशिरा यायचं आणि शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो म्हणून सांगायचं. भाऊ ठाण्याहून सरळ यायचे, तरी तेही शीळफाट्याचंच नाव घ्यायचे.

बैठक सकाळी. ताईचा नियम होता की भुतावर उन्हात बोलायचं. अंधारात कोणीही घाबरतं, त्यात गोष्टीची काय कमाई? गॅलरीतून ऊन आत यायचं, पोहे व्हायचे, खाली भाजीवाल्याची हाक चालू असायची, आणि आम्ही विहिरीतून वर येणाऱ्या हाताबद्दल भांडत असायचो.

दुसरा नियम जागेचा. चांगलं-वाईट नंतर बोलायचं, आधी जागा सांगायची. कुठे घाबरलात? नेमकी कोणती ओळ, कोणतं दृश्य? कोणाला कुठेच भीती वाटली नसेल तर त्याने "कोरडं" म्हणायचं. पण कोरडं म्हणणाऱ्याने कप विसळायचे, त्यामुळे उगाच शूरपणा कोणी करत नसे.

एकदा आम्ही एक कथा घेतली होती. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला भिंतीपलीकडून रोज खोकला ऐकू येतो. शेवटी त्याला कळतं, भिंतीपलीकडे खोलीच नाही.

सर म्हणाले, "शेवट. उघड आहे."

"काय उघड आहे, सर?" भाऊ म्हणाले. "शेवट तर मला दुसऱ्या पानावरच कळलेला. मी घाबरलेलो कुठे माहितीये? तो माणूस भिंतीला तोंड लावून म्हणतो ना, 'पाणी प्या जरा,' तिथे. आणि पलीकडचं खोकणं थांबतं. म्हणजे ऐकलं त्याने. संपलं. अंगावर काटा."

मुलगी म्हणाली, "मला तर ज्या दिवशी खोकला येतच नाही, तिथे. सायलेन्स असा वाजतो ना."

ताईने टेबलावर हात आपटला. "भाऊ बरोबर. सर, तुम्हाला शेवट लागतो, कारण तुम्ही पेपर तपासत आलात आयुष्यभर. उत्तर दिसल्याशिवाय तुम्ही मार्क देत नाही."

सर चिडायचे, चष्मा काढायचे, आणि मग त्यांना खरी मजा यायची. घरभर असा उल्हास व्हायचा की खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारायच्या, काही साखरपुडा वगैरे आहे का.

मी फारशी बोलत नसे. चार माणसांसमोर माझं वाक्य अर्ध्यात सुटतं. आदल्या दिवशी स्वयंपाक करताना मी ताईला सगळं सांगायचे आणि रविवारी ती ते आपल्या आवाजात मांडायची. "आमचं म्हणणं असं आहे," अशी तिची सुरुवात. त्यात किती तिचं आणि किती माझं, हे आम्हालाही नीट सांगता आलं नसतं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माझा मुद्दा तिच्या तोंडून सरांच्या अंगावर जाताना पाहण्यात मला जो आनंद व्हायचा, तो स्वतः बोलून झाला असता असं वाटत नाही.

मग तो मंगळवार आला.

दिवसकार्यापर्यंत घरात नातेवाईक होते. बैठकीतले तिघेही येऊन गेले. सर हात जोडून बसले. भाऊंनी खाली मान घातली. मुलगी माझा हात धरून रडली. सगळं जसं व्हायचं तसं झालं. मला फक्त एकदा वाटलं की या तिघांना मी इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं.

पुढे मोबाइलवर आमच्या गटाचं चित्र बदललेलं दिसलं. तिथे आधी विहीर होती, काळी, काठ तुटलेली. तिच्या जागी समई आली होती. कोणी बदललं हे मी विचारलं नाही. गटात सकाळी फुलं येऊ लागली, सुविचार येऊ लागले. आमच्या गटात सुविचार. ताई असती तर तिने पाठवणाऱ्याला कप विसळायला लावले असते.

महिना झाल्यावर मीच कळवलं, या रविवारी या. तिघेही वेळेवर आले. शीळफाट्याला कोणी अडकलं नाही. बैठकीसाठी भाऊंनी एक सिनेमा सुचवला होता. नव्या इमारतीतली लिफ्ट आपल्या मनाने वर-खाली जाते, इतकंच. मी तो मन लावून पाहिला आणि माझ्या लक्षात आलं की त्यात कोणीही मरत नाही. आधीही कोणी मेलेलं नाही. लिफ्टचा स्वभावच तसा.

"बरा होता," सर म्हणाले.

"टाइमपास," भाऊ म्हणाले.

"साउंड ठीक होता," मुलगी म्हणाली. ही तीच, जी एकदा दाराच्या कडीच्या आवाजावर पोहे गार होईपर्यंत बोलली होती.

जागा कोणी सांगितली नाही. कोणी कोरडंही म्हटलं नाही. पोहे चांगले झालेत असं तिघांनी म्हटलं. सरांनी माझ्या रक्तदाबाची चौकशी केली.

पुढच्या वेळी सरांनी निवड केली. एका डोंगरात हरवलेल्या सहलीची गोष्ट. सगळे सापडतात. त्याच्या पुढच्या वेळी मुलीने एक बोलणारं मांजर आणलं. मी हळूहळू समजले. मला जपायचं म्हणून या माणसांनी भयकथेतून मेलेली माणसं काढून टाकली होती. भयाची इतकी आवड असलेल्या तिघांनी माझ्यासाठी भुतं वर्ज्य केली होती, उपासाला कांदा-लसूण करावा तशी. आणि ती काढल्यावर उरत होतं काय, तर लिफ्ट, सहल आणि मांजर.

त्यांचा जिव्हाळा मला कळत होता. पण असंच चाललं तर काही महिन्यांत बैठक आपोआप बंद पडेल, हेही कळत होतं. घरातून ताई गेली होती. त्या रविवारांतून मात्र ती अजून गेली नव्हती. सर चिडले, भाऊ हसले तर तिचं बोलणं कानात आलं असतं. ते भांडण गेलं असतं तर मग खरोखरच काही राहिलं नसतं. आणि भांडण परत आणायचं म्हणजे तोंड उघडायला हवं होतं, आणि उघडायला आता माझंच तोंड होतं.

माझी पाळी आली तेव्हा मी एक सिनेमा सुचवला. नुकताच आलेला, आमच्याच भाषेतला. एका सोसायटीत दोन भाऊ राहतात. आई वारली आहे. धाकटा आंघोळ करून बाहेर येतो, गिझर बंद करायला विसरतो, आणि परत जाऊन बघतो तर बटण बंद. आई जिवंत असताना हेच करायची. एवढ्याचसाठी ती परत येते. थोरला घाबरतो, माणसं बोलावतो, पूजा करतो.

 गटात सरांनी लिहिलं, "हाच हवा का? दुसरेही बरेच आहेत." मी लिहिलं, हाच.

रविवारी तिघे आले. मी पोहे दिले, चहा दिला, आणि बसले. कोणी सुरुवात करेना. भाऊ गॅलरीकडे बघत होते.

"जागा सांगा," मी म्हटलं. माझा आवाज बारीक आला, पण आला.

भाऊ अवघडले. "ते... बटणाचा आवाज येतो पहिल्यांदा. टक्. तिथे."

मुलीने लगेच मान हलवली. "पहिल्या 'टक्'ला नाही, काका. दुसऱ्या. पहिल्यांदा बटण खाली जातं आणि मग टक् होतं. दुसऱ्यांदा टक् आधी होतं, बटण नंतर हलतं. मी तीन वेळा मागे घेऊन ऐकलं. ज्याने केलंय त्याला सलाम." बोलता बोलता ती पुढे सरकली आणि तिला आठवलं की आपण जपून बोलायचं ठरवलंय. तिने चहाचा कप तोंडाला लावला.

सर म्हणाले, "मला विचाराल तर यात भय नाहीच. ही कौटुंबिक गोष्ट आहे. धूर सोडला म्हणून भयपट होत नाही."

"नाही," मी म्हटलं.

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"भय आहे. थोरल्यात नाही. थोरला घाबरतो ते सोपं आहे. धाकटा बघा. मध्यंतरानंतर तो मुद्दाम गिझर चालू ठेवायला लागतो. आंघोळ नसतानाही. बटण लावतो आणि बाहेर येऊन दाराकडे पाठ करून उभा राहतो. आईला यावंच लागावं म्हणून. तिची सुटका होऊ नये म्हणून. भूत तो आहे, आई नाही. माझी जागा ती."

मी एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. 

सरांनी चष्मा काढला. "अहो, ते प्रेम आहे."

"प्रेमच आहे. म्हणून तर भीती वाटते."

"हे काही पटत नाही. या न्यायाने प्रत्येक श्राद्ध भयकथा होईल."

"सर, ताई गेल्यावर तुम्हीच म्हणालात ना की दुःखाच्या घरात भुताचं नाव नको?" भाऊ म्हणाले. "भूत नसतं असं आयुष्यभर सांगणारा माणूस. आणि गटावरची विहीर काढून आम्हाला समई लावायला लावली."

"ते औचित्य म्हणून."

"औचित्य घाबरतं का सर कधी?"

मुलगी हसली, आणि हसता हसताच विसरून तिने विचारलं, "मावशी, तुम्ही केलं असतं असं? गिझर?"

 भाऊंनी तिला डोळ्यांनी दटावलं.

"केलं," मी म्हटलं. "आमच्याकडे रात्री दाराबाहेरच्या जिन्यातला दिवा ताई बंद करायची. मी काही संध्याकाळी तो लावून ठेवला. सकाळपर्यंत चालूच होता."

 मग भाऊ म्हणाले, "म्हणजे कोरडं."

मला हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, पोटातून. मुलगी एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होती. सर मात्र हसले नाहीत. ते विचार करत होते.

"हे मत ताईंचं की तुमचं?" त्यांनी विचारलं.

"माझं. ताईला हा सिनेमा आवडला नसता. तिला भूत दिसायला हवं असायचं. ती म्हणाली असती, बाईला मेल्यावरही कामच लावलंय."

"अगदी असंच म्हणाल्या असत्या," भाऊ म्हणाले. "आणि मग माझ्या ताटलीत अजून पोहे वाढले असते."

तो दिवस उलगडत गेला. सरांनी शास्त्रशुद्ध पद्धतीने सिद्ध केलं की धाकटा निर्दोष आहे. मी तीनदा त्यांना मध्येच तोडलं. मुलीने बटणाचा आवाज जिभेने काढून दाखवला. भाऊंनी डेपोतल्या एका रिकाम्या गाडीची घंटा आपोआप वाजल्याची हकिकत सांगितली आणि शेवटी कबूल केलं की ती त्यांनी आत्ताच रचली. जेवणाची वेळ टळून गेली. खालच्या वहिनी दारात येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना.

ताई नाही. घरात मी एकटी असते. रविवारी तिघे येतात, आणि धाकट्याबद्दल सरांचं आणि माझं अजून पटलेलं नाही.