शिळं पाणी
नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरीचा वास आला की मला दुष्काळातलं आमचं आष्टीचं घर आठवतं. विहीर आटली तेव्हा धाकट्या बहिणीनं तळाच्या डबक्यातला एक मासा आणून लोणच्याच्या बरणीत ठेवला होता. पुढं ती तापानं गेली, मासा राहिला. प्यायलाच पाणी नव्हतं, म्हणून आई रोज बरणीतलं तेच हिरवट पाणी पदरातून गाळून पुन्हा भरायची. अखेर गावात टँकर आला. स्वतः घोटभर प्यायच्या आधी आईनं बरणी घासली, जुनं पाणी दारातल्या लिंबाला घातलं आणि टँकरचं पाणी भरलं. मी म्हणाले, "आई, दवाईचा वास यायलाय." "येऊ दे. साफ पाणी हाय. माझ्या लेकराच्या माशानं किती दिवस शिळं प्यायचं?" दुपारी मासा पांढरं पोट वर करून तरंगत होता. आई बरणीपाशी बसून एवढंच म्हणाली, "ताजंच दिल्तं की गं मी." आता नातवाच्या माशांचं पाणी बदलायच्या आदल्या दिवशी मी नळाचं पाणी बादलीत भरून उघडं ठेवते. "आई, त्यांना शिळं पाणी कशाला?" सून विचारते. मी बादलीवर वाकून पाण्याचा वास गेला का ते हुंगून बघते.