घोषणाबाईंचं गाणं

बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचं काम तिने एकोणीस वर्षं केलं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रखडली, कुणाची छत्री सापडली, सगळं गावाला तिच्याच तोंडून कळायचं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. सगळे तिला घोषणाबाई म्हणत.

सेहेचाळिसाव्या वर्षी ती पॉप-रॉक बँडमध्ये गायला लागली. खूळ तिकीट खिडकीवरच्या कारकुनाचं. तो तिचा शाळेपासूनचा मित्र, गिटार वाजवायचा. त्याने आगारातल्या मेकॅनिकला ड्रमवर बसवलं, कारण कुठलीही वस्तू ठोकून बघितल्याशिवाय त्या माणसाला चैन पडत नसे. की-बोर्डवर आली घोषणाबाईची नणंद. ती बालवाडीत शिकवायची, त्यामुळे कितीही गोंगाट झाला तरी तिची बोटं चुकत नसत.

दर रविवारी सकाळी सामान ठेवायच्या खोलीत तालीम चाले. गाणी त्यांचीच, थोडी प्रेमाची, बरीचशी गुडघेदुखीची.

पहिला कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात, दुपारी चारला. शंभरेक माणसं जमली. गिटार वाजली, ड्रम दणाणले, घोषणाबाई माइकपाशी आली आणि तिने पहिली ओळ म्हटली, "ऐक ना जरा, ऐक ना जरा..."

तिसऱ्या रांगेतली सात-आठ माणसं पिशव्या उचलून उभी राहिली.

"कुठली लागली हो?" एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं.

सभागृह खो खो हसत सुटलं. तिने गाणं कसंबसं पुरं केलं.

"लोक उठून उभे राहिले, ताई!" नंतर मेकॅनिक तिची समजूत घालू लागला. "पहिल्याच कार्यक्रमात! भल्याभल्यांच्या नशिबी नसतं."

"पिशव्या घेऊन उभे राहिले," ती म्हणाली, आणि दोन रविवार तालमीकडे फिरकली नाही.

तिसऱ्या रविवारी नणंद तिची मनधरणी करायला घरी आली आणि दारातच थबकली. स्वयंपाकघरात वहिनी मटार सोलता सोलता तेच गाणं म्हणत होती. आवाज असा मोकळा, असा लाडिक, की नणंदेला आधी वाटलं रेडिओ लागलाय.

"वहिनी, अगं तिथे का नाही अशी गात?"

"माइक दिसला की मान ताठ होते गं माझी. जीभ आपली फलाट शोधायला लागते. इथे हात गुंतलेले असतात."

नणंदेने मटारची पिशवीच उचलली. "मग तिथेही गुंतवू."

पुढच्या कार्यक्रमात घोषणाबाई स्टुलावर बसली, मांडीवर टोपली घेऊन. लोक चक्रावले, पण पिशवीला कुणी हात लावला नाही. दुसऱ्या कडव्याला तर मागच्या रांगा डोलायला लागल्या. कुरकुर एकट्या मेकॅनिकची.

"शेंगा तालात फोडा हो ताई! माइकमध्ये टचटच ऐकू येतं. माझाच ठेका चुकतो."

"मग हळू ठोका की. मटार ऐकू येतील इतकं."

असे चार कार्यक्रम झाले. पाचव्यात, एका संथ गाण्याच्या मधेच, तिचे हात टोपलीत नुसते पडून राहिले. डोळे मिटलेले, मान सैल, आणि सूर नुसता वाहत होता. नणंदेच्या ते लक्षात आलं. ती श्वास रोखून वाजवत राहिली.

मेकॅनिकला मात्र वाटलं, बाई विसरल्या.

"ताई, मटार! मटार!" तो मागून कुजबुजला.

तिने ओळ न तोडता एक शेंग उचलली आणि मागे न बघता त्याच्या दिशेने भिरकावली. ती झांजेवर आपटून टणकन वाजली, ती मात्र अगदी तालात.